गिअरबॉक्स एकदाच उघडायचा: जुन्या गाडीच्या रिस्टोरेशनमध्ये नफा कुठे गळतो?



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या दुचाकी रिस्टोअर करण्याच्या धंद्याबद्दल बोललो. रंग, क्रोम, सीट, बॅजेस यावर मी वीस मिनिटं घालवली आणि गिअरबॉक्सवर जेमतेम दोन. नंतर लक्षात आलं की उलट करायला हवं होतं. रंग चुकला तर ग्राहक नाक मुरडतो आणि गाडी घेऊन जातो. गिअरबॉक्स चुकला तर तो गाडी परत घेऊन येतो, आणि परत आलेली गाडी तुमच्या गाळ्यात फुकट जागा अडवून बसते. म्हणून हा लेख फक्त गिअरबॉक्सवर.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्या बॅचमधला एक मुलगा, आयटीआय झालेला, हात चांगला. भांडुपला छोटा गाळा घेऊन त्याने काम सुरू केलं. पहिलंच मोठं काम आलं मुलुंडहून. जुनी लॅम्ब्रेटा, वडिलांची. आता त्या वडिलांच्या नातवाचं लग्न होतं आणि नवऱ्या मुलाने हॉलवर आजोबांच्या स्कूटरवरून यायचं असं घरात ठरलं होतं. आजोबांनी आयुष्यभर भांडुपच्या कारखान्यात नोकरी केलेली, म्हणजे ज्या कारखान्यात ती स्कूटर बनली तिथेच.

नव्या मुलांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध, भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गावर ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे आपली एपीआय, ही कंपनी होती. 1949 सालची. इटलीतल्या मिलानच्या इनोचेंती कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर इथे बनायच्या. पुढे लॅम्ब्रेटा हे नाव जाऊन लॅम्बी आलं. इनोचेंतीने स्वतः स्कूटर बनवणं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थांबवलं आणि त्यांची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली. तिथून विजय सुपर आली. म्हणजे आपल्या देशात एकाच घराण्याच्या दोन शाखा चालत होत्या, एक भांडुपची आणि एक लखनौची. ही माहिती फक्त गप्पांसाठी नाही. पार्ट विकत घेताना ती तुमचे हजारो रुपये वाचवणार आहे. कसं ते पुढे येईल.

तर त्या मुलाने स्कूटर अख्खी खोलली, रंगवली, इंजिन केलं. गिअरबॉक्समध्ये पहिला आणि दुसरा गिअर खराब झाले होते, ते बदलले. एंड प्लेटमधली बेअरिंग बदलली. बाकी सगळं जसं होतं तसं परत बसवलं आणि गाडी दिली. फोटो इतका सुंदर की मीही स्टेटसला ठेवला.

चार दिवसांनी गाडी परत. मुलुंडहून घाटकोपरला जाताना प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल सापडत नव्हता आणि गिअर बदलताना मूठ फिरवायला जोर लागत होता. मुलाने गिअरच्या केबल नीट केल्या आणि गाडी पाठवली. आठवड्याने पुन्हा परत. या वेळी ऑइल काढलं तर त्यात चंदेरी चमक. लग्नाला अकरा दिवस उरले होते. तेव्हा त्याने मला फोन केला.

मी काही मिस्त्री नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला हिशोब कळतो, शिम कळत नाही. पण भांडुपमध्ये अजून अशी माणसं आहेत ज्यांच्या हातून त्या काळात शेकडो गिअरबॉक्स गेले. ओळखीतल्या अशाच एका काकांना घेऊन गेलो. काकांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, आधी मुलाला विचारलं, "गॅप किती ठेवलीस?"

मुलगा म्हणाला, "कसली गॅप काका? जुना शिम होता तोच टाकला."

काका म्हणाले, "मग उघड."

गॅप म्हणजे काय आणि ती का लागते

आता जरा शांतपणे समजून घ्या, कारण हा भाग कळला की अर्ध्या जुन्या गाड्यांचा गिअरबॉक्स कळला.

आपल्याकडच्या जवळपास सगळ्या जुन्या दुचाकींच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. तुम्ही गिअर टाकता तेव्हा दाते एकमेकांत घुसत नाहीत, ते आधीच घुसलेले असतात. एका शाफ्टवरचे गिअर शाफ्टवर मोकळे फिरत असतात आणि एक सरकणारा तुकडा, ज्याला डॉग म्हणतात, तो त्यातल्या एकाला शाफ्टशी जोडतो. बाकीचे मोकळे फिरत राहतात. लॅम्ब्रेटामध्ये असे चार मोकळे गिअर मागच्या शाफ्टवर ओळीने बसतात, आणि त्यांच्यासमोर सगळे दाते एकत्र असलेला एक क्लस्टर असतो. क्लच त्या क्लस्टरला फिरवतो. चौथा गिअर सगळ्यात आत, पहिला सगळ्यात बाहेर, त्याच्यावर शिमची चकती आणि वरून एंड प्लेटचं झाकण.

आता ही चार गिअरची थप्पी झाकणाखाली अगदी घट्ट दाबली गेली तर? मोकळे फिरायला हवेत ते गिअर रेटले जातात. पहिला गिअर शिमवर घासतो, तिथे ऑइलचा थर टिकत नाही, धातू निळसर पडतो आणि त्याची पूड ऑइलमध्ये येते. न्यूट्रल सापडत नाही. आणि उलट, थप्पी फार सैल राहिली तर? गिअर आडवे सरकतात, डॉग पूर्ण खाचेत बसत नाही, फक्त कडेवर टेकतो. चढावर जोर लागला की खट्कन गिअर सुटतो. दोनचार महिने असं चाललं की डॉगच्या कडा गोल होतात आणि मग गॅप बरोबर केली तरी गिअर सुटतच राहतो.

म्हणून मधली मोकळीक मोजून ठेवायची. लॅम्ब्रेटाच्या या गिअरबॉक्ससाठी ती 0.07 ते 0.30 मिलिमीटर. शिम वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, दोन दोन दशांशांच्या फरकाने. जाड शिम टाकला की गॅप कमी, पातळ टाकला की जास्त. एवढंच गणित आहे.

मुलाची चूक समजली का? त्याने दोन गिअर बदलले, बेअरिंग बदलली. प्रत्येक नव्या पार्टची जाडी जुन्यापेक्षा केसभर वेगळी. आणि शिम मात्र जुना. जुना शिम जुन्या गिअरसाठी बरोबर होता. काकांनी एंड प्लेटचे सगळे नट पूर्ण आवळायला लावले आणि मग फीलर गेजचं 0.05 चं पान घालून बघितलं. जात नव्हतं. म्हणजे गॅप जवळजवळ शून्य. शिमवर व्हर्निअर लावला, 2.2. त्याच्या जागी 2.0 चा टाकला, परत सगळे नट आवळले, परत मोजलं. आता 0.20 चं पान गेलं, 0.25 चं नाही. झालं.

इथे एक बारकी गोष्ट, जी मुलं हमखास चुकतात. झाकण नुसतं टेकवून किंवा दोन नट लावून मोजायचं नाही. सगळे नट पूर्ण आवळल्यावरच जी गॅप दिसते ती खरी. अर्धवट आवळलेल्या झाकणाखाली मोजाल तर माप छान येईल, तुम्ही खुश व्हाल, आणि उरलेले नट आवळताच ती गॅप गायब होईल.

फीलर गेज काही शे रुपयांत येतो. नागदेवी स्ट्रीटला जा, बेअरिंग, सील, सर्कलिप आणि हत्यारं एकाच फेरीत होतात.

उघडण्याआधी पैसे वाचवा

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला धंद्याच्या दृष्टीने जास्त आवडली. "गिअर सुटतोय" म्हणून आलेली प्रत्येक गाडी गिअरबॉक्सची नसते.

लॅम्ब्रेटामध्ये डाव्या मुठीपासून इंजिनपर्यंत दोन केबल जातात, एक ओढते, एक सोडते. केबल ताणली गेली, आतली तार एका ठिकाणी तुटायला लागली किंवा बाहेरचं कव्हर दबलं, तर मुठीवर तिसऱ्याची खूण दिसते आणि आत डॉग तिसऱ्यात अर्धाच गेलेला असतो. लक्षणं हुबेहूब खराब गिअरबॉक्सची. म्हणून आधी केबल, मग मुठीतली झीज, मग इंजिनखालचा सिलेक्टरचा दांडा, आणि सगळं ठीक असेल तरच इंजिन उघडायचं.

बुलेटचंही तसंच. मद्रासला 1955 पासून बनायला लागलेली जुनी 350 बघा. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे बोल्टने जोडलेला वेगळा डबा आहे, गिअर उजव्या पायाला, एक वर आणि तीन खाली. या डब्याच्या उजव्या बाजूला पायाच्या गिअरची रॅचेटची यंत्रणा असते आणि तिची एक प्लेट दोन नटांनी धरलेली असते. ती प्लेट जागेवरून सरकली की पहिल्यातून दुसऱ्यात किंवा चौथ्यातून तिसऱ्यात गेल्यावर रॅचेट पुढच्या दात्याला नीट पकडत नाही. ग्राहक म्हणतो गिअरबॉक्स गेला. प्रत्यक्षात दोन नट ढिले करायचे, प्लेट थोडी फिरवायची, लिव्हर वर आणि खाली दोन्हीकडे सारखीच हलल्यावर रॅचेट पकडतो आहे ना हे बघायचं आणि नट आवळायचे. पाऊण तासाचं काम.

आता प्रश्न येतो, पाऊण तासाच्या कामाचे पैसे किती घ्यायचे? काही जण गिअरबॉक्स खोलल्याचे पैसे लावतात आणि प्लेट फिरवतात. मी तुम्हाला तसं कधीच सांगणार नाही. पण फुकटही करू नका. "तपासणी शुल्क" असं वेगळं ठेवा, आधी सांगा, पावतीवर लिहा. तुम्ही वीस हजारांचं काम सांगू शकत असताना पाऊण तासात गाडी सोडली, हे ग्राहक दहा जणांना सांगतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुन्या गाड्यांचे ग्रुप आहेत, तिथे जाहिरात चालत नाही, असं बोलणं चालतं.

दाते मोजा, मगच खिशात हात घाला

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर जुन्या गिअरचा ढीग दिसेल. सगळे सारखेच दिसतात. दुकानदार म्हणेल, "लॅम्ब्रेटाचाच आहे, डोळे झाकून घ्या." डोळे झाकले की संपलं.

आता भांडुप आणि लखनौची गोष्ट आठवा. भांडुपची लॅम्ब्रेटा एका जुन्या मॉडेलवर आधारलेली, लखनौची विजय सुपर नंतरच्या मॉडेलवर. बाहेरून केसिंग सारखं, पण वेगवेगळ्या मॉडेलच्या गिअरच्या दात्यांची संख्या वेगळी. क्लस्टर एकाचा आणि मोकळे गिअर दुसऱ्याचे असं कडबोळं केलंत तर एखादी जोडी नीट जुळणारच नाही. कधी फिरतच नाही, ते बरं, कारण लगेच कळतं. कधी फिरतं पण कण्हत फिरतं, आणि तीनशे किलोमीटरवर दाता तुटतो. म्हणून ग्राहकाच्या गाडीतून निघालेल्या प्रत्येक गिअरचे आणि क्लस्टरच्या प्रत्येक पट्टीचे दाते मोजून वहीत लिहा आणि वही घेऊनच बाजारात जा. दात्यावर खडूची खूण करून मोजा, नाहीतर एक दाता दोनदा मोजला जातो. हे मी स्वतः केलंय, हसू नका.

दुसरं, झीज बघताना दात्यांपेक्षा डॉगच्या कडा आणि गिअरमधल्या खाचा बघा. दात्यावर थोडे ठिपके असले तर चालेल की नाही यावर मिस्त्री वाद घालतील. पण ज्या कडेवर सगळा जोर येतो ती कड गोल झाली असेल तर वाद नाही, बदलायचीच. नखाने चाचपून बघा, कड बोचली पाहिजे.

बसवताना

खोलताना प्रत्येक पायरीला फोटो, आणि काढलेले गिअर त्याच क्रमाने, त्याच तोंडाने एका तारेत ओवून ठेवायचे. गिअरला दोन बाजू असतात आणि त्या सारख्या नसतात. उलटा बसलेला गिअर कधीकधी बसतोही, म्हणूनच तो धोकादायक.

केसिंग ॲल्युमिनियमचं आहे हे विसरू नका. जोडाच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत की तिथून आयुष्यभर ऑइल गळणार. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू नका. केसिंग साधारण 100 अंशांपर्यंत गरम करा. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडतो, तेवढं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. (घरच्या फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर आईला आधी सांगा आणि दोन पिशव्यांत बांधा.) मग बेअरिंग हाताच्या दाबाने जवळजवळ आपोआप जाते. थोडं दाबावंच लागलं तर केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्या, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. चुकीच्या रिंगवर दाब दिला की तो सगळा गोळ्यांमधून जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते.

सर्कलिप जुनी वापरायची नाही, दहा रुपयांची असो वा पन्नासची. तिची एक कड धारदार असते, एक गोलसर. ज्या पार्टला तिने थोपवून धरायचं आहे त्याच्या विरुद्ध बाजूला धारदार कड, म्हणजे जोर आला की ती खाचेच्या भिंतीला घट्ट टेकते. ऑइल सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू ऑइलकडे. आणि शाफ्टच्या खाचांवरून सील सरकवताना खाचांवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर नवी सील बसवतानाच फाटते आणि तुम्ही सीलच्या कंपनीला शिव्या देता.

आधी सगळं कोरडं, म्हणजे सीलंट वगैरे न लावता बसवून बघा. हाताने फिरवा. नट थोडे थोडे, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा आणि प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट फिरवून बघा. ज्या टप्प्याला शाफ्ट जड झाला तिथेच थांबा, दोष तिथेच सापडतो. सगळं बसल्यावर फिरवलं तर कुठे अडतंय ते शोधायला परत पहिल्यापासून.

टेबलावर गिअर टाकून बघताना शाफ्ट हाताने फिरवत राहा. उभ्या शाफ्टवर डॉग खाचेसमोर नसेल, दोन खाचांच्या मधल्या भागासमोर असेल, तर गिअर पडणारच नाही. मुलं तिथे पान्याने ठोकतात आणि सिलेक्टरचा फोर्क वाकवतात. ज्यांनी जावा किंवा येझदी केली असेल त्यांना हे जास्त कळेल, कारण तिथे किकचा दांडाच गिअरचा दांडा असतो आणि पायाचा जोर कितीही लावता येतो. (मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला उभी केलेली ही कंपनी 1961 ते 1996 चालली. तिच्यावर एक वेगळा व्हिडिओ करतोय.)

आपलं माप बरोबर आलं की मग सगळं परत काढायचं, धुवायचं, प्रत्येक पार्टला ऑइल लावून शेवटचं बसवायचं. हो, दोनदा. काका म्हणाले, "बाळा, एकदाच बसवणारा दोनदा उघडतो." लॅम्ब्रेटामध्ये गिअरबॉक्स, चेन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, एसएई 90, सुमारे 0.7 लिटर. क्लच त्याच ऑइलमध्ये आहे म्हणून वरून घालायची घर्षण कमी करणारी औषधं इथे नकोत, क्लच घसरायला लागतो. पहिलं ऑइल दीडदोनशे किलोमीटरवर काढून बघा, चुंबक फिरवा. थोडी काळी लव असणं ठीक. चमकणारे तुकडे नकोत.

आता हिशोब

समजा गाळ्याचं भाडं 18,000, मदतनीस 15,000, वीज आणि इतर 3,000. महिन्याचे 36,000. कामाचे दिवस 24 धरले तर गाळा उघडल्याचा रोजचा खर्च 1,500. यात तुमचा स्वतःचा पगार मी अजून धरलेलाच नाही.

गिअरबॉक्सच्या कामाला दोन दिवस, म्हणजे 3,000. मजुरी घेतलीत 5,000. हातात उरले 2,000. गाडी परत आली, पुन्हा उघडायला आणि बसवायला दीड दिवस, म्हणजे 2,250. गॅस्केट, सील, ऑइल 450. एकूण 2,700. म्हणजे पदरचे 700 गेले, आणि त्या दीड दिवसात दुसरी गाडी झाली असती ती वेगळीच. आमच्या मुलाची गाडी दोनदा परत आली होती. पहिल्या वेळी त्याने केबलवर भागवलं म्हणून तेव्हा फक्त अर्धा दिवस गेला, पण तिथेच उघडलं असतं तर नवा गिअर घासला गेला नसता.

आता शिम बदलायला आणि कोरडं बसवून मोजायला किती वेळ? चारपाच तास. म्हणजे फार तर एक दिवसाचे 1,500. हा दिवस कोटेशनमध्ये धरा. 5,000 ऐवजी 6,500 सांगा आणि का ते सांगा. "मी मोजून बसवतो, माप लिहून देतो" असं म्हटल्यावर जुन्या गाडीचा ग्राहक दीड हजारासाठी घासाघीस करत नाही. जो करतो त्याला हसून चहा पाजा आणि जाऊ द्या.

जॉब कार्डवर काय असावं? काढलेल्या आणि घातलेल्या पार्टची यादी, दात्यांची संख्या, शिमची जाडी, आलेली गॅप, ऑइल किती आणि कोणतं, आणि ग्राहकाची सही. जुने पार्ट पिशवीत घालून ग्राहकाला परत. वॉरंटी देत असाल तर बसवण्याच्या कामाची द्या, भंगारातून आणलेल्या गिअरची देऊ नका, आणि हा फरक आधीच लिहा. पार्टचे पैसे ॲडव्हान्स घ्या. यात लाज कसली?

एक कायद्याचं. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000, नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती वगैरे कारणांसाठीच. म्हणून काम घेतानाच विचारा, रोज फिरवणार की जपून ठेवणार? रोज फिरवणार असेल तर नेहमीच्या नूतनीकरणाचा रस्ता, आपापल्या आरटीओत, अंधेरीचं 02, बोरिवलीचं 47, आपल्या पूर्व बाजूचं 03. जपून ठेवणार असेल तर मूळ केसिंग, मूळ नंबर सांभाळा. गिअरबॉक्स करताना इंजिनच्या नंबरावर ग्राइंडर फिरवला असं व्हायला नको.

टेस्ट राइडला निघण्याआधी विमा आणि पीयूसी बघा, ग्राहकाची गाडी असली तरी हँडल तुमच्या हातात आहे. एकदा थंड गाडी, एकदा तासभर चालवून गरम झाल्यावर. सपाट रस्त्यावर गिअर सुटत नाही म्हणून फसू नका. पवईच्या बाजूचा एखादा चढ घ्या, तिसऱ्यात जोर द्या, मग एकदम सोडा. दोन्ही वेळा गिअर बसून राहिला पाहिजे. आणि मग सिग्नलला उभं राहून न्यूट्रल शोधा, पाच वेळा.

मुलुंडच्या त्या स्कूटरचं काय झालं विचाराल. काकांच्या हाताखाली मुलाने ती तीन दिवसांत परत बसवली. घासलेला पहिला गिअर पुन्हा नवा घ्यावा लागला, तो स्वतःच्या खिशातून. दाते मोजून आणला. लग्नाच्या दिवशी नवरदेव हॉलच्या दारात उतरला, स्कूटर स्टँडला लावली, आणि नवरदेवाच्या वडिलांनी गर्दीतून वाट काढत येऊन आधी मूठ फिरवून न्यूट्रल आहे का ते बघितलं. जॉब कार्डची प्रत माझ्याकडे आहे. खाली मुलाच्या अक्षरात लिहिलंय: शिम 2.0, गॅप 0.20 जाते, 0.25 जात नाही.

पुढच्या व्हिडिओत क्लच. तोपर्यंत ज्यांच्याकडे गाडी उघडी पडली आहे त्यांनी दाते मोजून ठेवा.